हँड टेस्ट पंप, वर्षभर वापरून : बडोद्यातल्या एका प्लंबरचा रिव्ह्यू

निळ्या रंगाचा लोखंडी डबा, त्यात पाणी भरायचं, वर एक लांब दांडा, बाजूला काट्याचं गेज आणि एक जाड रबरी नळी जिच्या टोकाला अर्ध्या इंचाचे आटे. दुकानात याला हायड्रो टेस्ट पंप म्हणतात, आम्ही साइटवर नुसतं टेस्टिंग पंप म्हणतो. याने पाइपलाइनीत पाणी दाबून भरायचं आणि गेजचा काटा उतरतो का ते बघायचं, उतरला तर लाइन कुठेतरी गळतेय. मी फेब्रुवारी २०२५ मध्ये मकरपुऱ्याच्या जीआयडीसीजवळच्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीजवळच्या, टूल्सच्या दुकानातून ४२०० ला घेतला, लोकल बनावटीचा, ५० केजीपर्यंतच्या दाबाचा (केजी म्हणजे इथे वजन नाही, एका चौरस सेंटिमीटरवर किती किलो दाब ते). ज्यांना ठेकेदार सोडून स्वतःचं प्लंबिंग-गीझरचं काम सुरू करायचंय त्यांच्यासाठी हे मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण मला गिऱ्हाइकं मिळायला लागली ती या डब्यामुळे, हे मी कोणालाही छातीठोकपणे सांगेन.

थोडं मागचं सांगतो. आयटीआयचा प्लंबरचा एक वर्षाचा कोर्स केला आणि मग नऊ वर्षं एकाच ठेकेदाराकडे, बहुतेक वासणा-भायली रोडच्या नव्या बिल्डिंगी. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी ३५ फुटांच्या वर गेलं, निम्म्या बडोद्यात घराघरांत पाणी शिरलं, अंडरग्राउंड टाक्या चिखलाने भरल्या, मोटरी बुडाल्या. आम्ही पंधरा-वीस दिवस दिवसरात्र टाक्या उपसत होतो. लोक ठेकेदाराला टाकीमागे पैसे देत होते आणि आम्हाला रोजचीच रोजी मिळत होती, पण खरी गोष्ट वेगळीच घडली, लोक निघताना विचारायचे, भाऊ तुमचा स्वतःचा नंबर द्या ना. दिवाळी झाल्यावर मी ठेकेदाराकडचं काम सोडलं.

आणि मग तीन महिने काम नाही. ज्यांनी नंबर घेतले होते त्यांची निकड संपलेली, आणि नळ रोज थोडाच बिघडतो. एका ॲपवर पैसे भरून लीड, म्हणजे काम हवं असलेल्या लोकांचे नंबर, घेतल्या, कंपनीचं नाव लिहीत नाही, पण एकच लीड चार-पाच जणांना विकलेली असायची, मी फोन करेपर्यंत समोरचा वैतागून म्हणायचा अहो बसवून झाला नळ, आणि पैसे कापलेले ते कापलेलेच. हार्डवेअरच्या दुकानांत कार्डं ठेवली, तिथून कामं येतात पण दुकानदाराचा हिस्सा जातो आणि माल त्याच्याचकडचा लावावा लागतो, भले तो मनाला न पटो. गूगलवर धंद्याचं पान केलं, ते फुकट आहे, व्हिडिओ काढून व्हेरिफाय करावं लागतं, घराचा पत्ता लपवून फक्त कुठल्या भागात काम करता तेवढं दाखवता येतं. पान चांगलं झालं, पण त्यावर टाकायला काय होतं माझ्याकडे? नळाचे फोटो. नळाचे फोटो सगळेच टाकतात.

मग फेब्रुवारीत दांडिया बाजारातल्या एका काकूंचा फोन आला. किराणा दुकानात ठेवलेलं कार्ड त्यांना मिळालं होतं. जुनं घर, वरच्या मजल्यावर बाथरूम, आणि त्याच्या बरोबर खाली देवघर. देवघराच्या मागच्या भिंतीला एवढी ओल की रंगाचे पोपडे सुटलेले, काकूंनी देव उचलून दुसऱ्या खोलीत टेबलावर ठेवलेले, आणि ते सांगताना त्यांना खरंच वाईट वाटत होतं. माझ्याआधी तिघं येऊन गेलेले. एकाने सगळं बाथरूम फोडायचे ४५ हजार सांगितले, एकाने टाइल्सवर केमिकल मारून पैसे नेले, एक परत आलाच नाही.

मी साइटवरच्या एका मित्राचा टेस्टिंग पंप मागून आणला होता. गीझरचे दोन्ही कनेक्शन पाइप सोडले, मिक्सरचे, म्हणजे गरम-थंडच्या एकत्र नळाचे, दोन्ही कॉक बंद केले, टाकीकडून येणारा व्हॉल्व्ह बंद केला आणि पंपाची नळी आधी थंड लाइनीच्या निपलला, म्हणजे भिंतीतून आलेल्या आट्याच्या तोंडाला, लावली. चार केजीपर्यंत दाबलं. पंधरा मिनिटं काटा जागचा हलला नाही. मग नळी गरम लाइनीला लावली, पुन्हा चार केजी, आणि पाचच मिनिटांत काटा अडीचवर. घरातले आजोबा खुर्ची घेऊन दारातच बसले होते, ऐंशीच्या पुढचे, कलाभवनला, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात, शिकलेले, ते म्हणाले, किती केजीवर ठेवलं होतंस? चार, म्हटलं. म्हणाले, म्हणजे गरम लाइन. आणि मग स्वतःच म्हणाले, अरे म्हणूनच थंडीत ओल वाढते, उन्हाळ्यात आम्ही गीझरचा खालचा कॉक बंदच ठेवतो, म्हणजे गरम लाइनीत पाणीच जात नाही. तीन माणसं येऊन गेली आणि कोणी विचारलंच नव्हतं की ओल कधी वाढते आणि कधी कमी होते.

पुढचं काम पंपाचं नाही, कानाचं आहे. हे नीट समजून घ्या कारण लोकांना वाटतं या यंत्राने लाइन कुठे फुटली ते कळतं. नाही कळत. पंप फक्त एवढं सांगतो की लाइन फुटली आहे का, आणि थंड की गरम. जागा शोधायला मी दाब चारवर धरून ठेवला, काकूंच्या सुनेला दांडा मारायला बसवलं आणि लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक भिंतीला लावून मूठ कानाला लावत लावत सरकत गेलो. मिक्सरच्या खाली वीतभर अंतरावर बारीक सूं आवाज. दीड टाइल काढली. जुना जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) एल्बो, म्हणजे कोपराचा सांधा, आट्यांवर गंजून केसाएवढी चीर. तेवढा तुकडा कापून सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्याला चालणारा प्लास्टिकचा पाइप, टाकला, दोन्हीकडे पितळी आट्याचे फिटिंग. पाइप चिकटवायच्या सोल्यूशनला वाळायला वेळ द्यावा लागतो, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला गेलो आणि पुन्हा चार केजी लावला. काकूंनी चष्मा आणला, स्टूल आणलं, आणि अर्धा तास गेजसमोर बसून राहिल्या. मग म्हणाल्या, हलला नाही रे काटा.

सगळे मिळून ३८०० झाले. काकूंनी गेजचा फोटो काढून त्यांच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि पुढच्या पंधरा दिवसांत त्याच गल्लीतून आणि त्यांच्या माहेरच्या मांजलपूरमधून मिळून पाच फोन आले. त्या पाचमधल्या पहिल्या कामाच्या पैशांत मी स्वतःचा पंप घेतला.

आता पंपाबद्दल. वजन साधारण आठ किलो, ॲक्टिव्हाच्या पायाजवळ मावतो, पण डब्यात पाणी ठेवून नेऊ नका, सांडतं. दांड्याला ताकद लागत नाही, शेवटचे दोन-तीन केजी जरा जड जातात. डब्यात गाळलेलं पाणी घाला, टाकीच्या तळाचं नको, कारण रेतीचा एक कण जरी आतल्या वन-वे व्हॉल्व्हच्या सीटवर बसला तर पंपाचा दाब उलटा डब्यात परत जातो, काटा उतरतो, आणि तुम्हाला वाटतं लाइन फुटली.

हे मला कारेलीबागच्या एका फ्लॅटमध्ये कळलं आणि महागात पडून कळलं. काटा हळूहळू उतरत होता, मी लिकेज सांगितलं, दोन टाइल्स काढल्या, भिंत कोरडी ठणठणीत. पुन्हा टेस्ट, पुन्हा उतरला. मग डोक्यात आलं, नळीच्या टोकाला डमी, म्हणजे तोंड बंद करणारं बूच, लावून नुसताच पंप दाबला, तरी उतरतोय. म्हणजे पंपच गळत होता. घरमालकांना तिथल्या तिथे खरं सांगितलं की चूक माझी आहे, टाइल्स मी माझ्या पैशाने बसवून देतो. तशा टाइल्स मिळायला दोन दिवस गेले आणि मजुरी धरून सोळाशे रुपये गेले. त्या दिवशी मला रात्रभर झोप नव्हती, कारण बाथरूम फोडणाऱ्यांना नावं ठेवून मी हे काम सुरू केलं होतं. त्या गृहस्थांनी पुढे चार महिन्यांनी गीझर बदलायला मलाच बोलावलं.

तेव्हापासून दोन गोष्टी केल्या. पहिली, कुठल्याही घरी गेल्यावर सगळ्यात आधी डमी लावून पंप स्वतः दाब धरतो का ते बघायचं, पाच मिनिटं, घरच्यांच्या समोर. दुसरी, पंपावरचं गेज वापरणं सोडलं. एक छोटी जोडणी बनवून घेतली, तीन तोंडांचा टी सांधा, त्याला एक बॉल व्हॉल्व्ह आणि लाइनीच्या बाजूला गेज. दाब चढला की बॉल व्हॉल्व्ह बंद, पंप बाजूला, आता गेज फक्त लाइनीचं वाचतं आणि पंपाच्या आत काय होतंय त्याचा काही संबंध उरत नाही. ही जोडणी साडेचारशेत झाली. दुकानवाल्यांनी ती पंपाबरोबरच द्यायला पाहिजे असं माझं प्रामाणिक मत आहे.

गेजही बदला. सोबत येतं ते ० ते ५० चं असतं, घरात आपण चार ते दहा केजीवर काम करतो, म्हणजे काटा सगळा वेळ खालच्या कोपऱ्यात, आणि अर्धा केजी उतरला तर डोळ्याला दिसतच नाही. मी ० ते १६ चं मोठ्या तोंडाचं गेज लावलंय, काकूंसारख्या माणसाला लांबूनही वाचता येतं. गिऱ्हाइकाला वाचता येणं हेच तर मुख्य आहे.

किती दाबायचं यावरून साइटवर भांडणं होतात म्हणून माझा हिशोब सांगतो. दहा मीटर उंचीचं पाणी म्हणजे जवळजवळ एक केजी, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीतल्या टाकीचा खाली तळमजल्यावर एक-सव्वा केजीच दाब येतो, प्रेशर पंप असेल तर अडीच-तीन. जुन्या जीआयला मी चारच्या वर जात नाही, जुनं हाड आहे, उगाच चांगला सांधा उघडायचा. नवीन सीपीव्हीसीला दहा केजी, सोल्यूशन लावून २४ तास झाल्यावर, आणि आधी सगळी हवा काढून, म्हणजे सगळ्यात उंच नळाचा प्लग जरा ढिला करून पाण्याची अखंड धार येईपर्यंत. नव्या पाइपात पहिल्यांदा काटा थोडा उतरतो, प्लास्टिक जरा ताणतं, तेव्हा घाबरायचं नाही, पुन्हा दहावर आणायचं आणि मग वेळ मोजायची. आणि काही लोक पाण्याऐवजी कॉम्प्रेसरची हवा भरून टेस्ट करतात, प्लास्टिकच्या पाइपात हे अजिबात करू नका, फुटला तर तुकडे छर्ऱ्यासारखे उडतात.

नवीन बाथरूममध्ये गरम आणि थंड एकदम टेस्ट करायचं असेल तर गीझरच्या दोन निपलांमध्ये एक कनेक्शन पाइप लूप लावून द्या, दोन्ही लाइनी एक होतात, काम अर्ध्या वेळात. गीझर मात्र जोडलेला ठेवायचा नाही. बऱ्याच स्टोरेज गीझरची टाकी ८ बारपर्यंतची असते (बार म्हणजे जवळजवळ केजीच) आणि तुम्ही दहा लावताय.

सोलरवाल्यांसाठी हे जास्त महत्त्वाचं. गच्चीवरची साधी सोलर टाकी दाबाची नसतीच, तिला वर उघडा व्हेंट पाइप असतो तो त्यासाठीच, तिला टेस्ट पंपाचा दाब गेला तर टाकी फुगून बाद होईल, म्हणून टाकी सोडूनच खालची लाइन टेस्ट करायची. आणि आपल्याकडच्या सोलर लाइनींचं खरं दुखणं वेगळं आहे, खर्च वाचवायला काही लोक गरम लाइनीला साधा यूपीव्हीसी, म्हणजे थंड पाण्याचा प्लास्टिक पाइप, टाकतात. तो ६० डिग्रीच्या पुढे टिकत नाही. सीपीव्हीसीचंसुद्धा गणित बघा, एसडीआर ११ चा (हा पाइपाच्या जाडीचा प्रकार) पाइप २३ डिग्रीला ४०० पीएसआय, म्हणजे साधारण २८ केजी झेलतो आणि ८२ डिग्रीला फक्त १००, म्हणजे सातच केजी. म्हणजे थंड पाण्यावर घेतलेली टेस्ट पास झाली तरी चुकीचा पाइप चुकीचाच. वाघोडिया रोडच्या एका बंगल्यात मी टेस्ट दहा केजीवर पास दाखवली आणि तरी लिहून दिलं की टाकीपासूनचा हा पाइप बदला, मे महिना निघणार नाही. त्यांनी बदलला.

गॅसच्या लाइनीला हा पंप लावायचा नाही. बडोद्यात पाइपचा गॅस कित्येक दशकं आहे त्यामुळे गॅस गीझरही खूप, आणि लोक सहज म्हणतात की भाऊ हेही बघून द्या ना. मी फक्त पाण्याची बाजू बघतो, गॅसची बाजू गॅस कंपनीचा अधिकृत माणूस. आणि कोणाच्या घरी गॅस गीझर बंद बाथरूमच्या आत दिसला तर बाकी काम राहू दे, आधी तो बाहेर काढायला सांगतो, कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, कितीतरी घरांतली माणसं अशी गेलीत.

आता पैशांचं. टेस्टचे मी वेगळे ६०० घेतो, काम माझ्याकडून करा नाहीतर कोणाकडूनही. सुरुवातीला फुकट करत होतो, तेव्हा लोक टेस्ट करून घ्यायचे आणि फोडायला स्वस्तातला माणूस आणायचे. आता चिठ्ठी देतो : तारीख, कुठली लाइन, किती केजी, किती वाजता सुरू, किती वाजता संपली, काटा कुठे होता. शेजारी मनगटावरचं घड्याळ धरून गेजचा फोटो, सुरुवातीचा आणि शेवटचा. हेच फोटो गूगलच्या पानावर जातात, घरमालकाला विचारून, आणि आता लोक फोन करून म्हणतात की ते काट्यावाले तुम्हीच ना.

पण सगळ्यात जास्त गिऱ्हाइकं कशाने आली सांगू का, काम नाही म्हणून सांगितल्याने. गोत्रीच्या एका सोसायटीत वरच्या आणि खालच्या फ्लॅटवाल्यांचं दोन वर्षं भांडण, बोलणं बंद, खालच्यांच्या बाथरूमच्या छताला ओल. वर दोन्ही लाइनी टेस्ट केल्या, अर्धा तास काटा ठाम. म्हणजे पाइपात काही नाही. मग नहाणी ट्रॅपचं, म्हणजे फरशीतल्या पाणी जायच्या जाळीचं, तोंड बंद करून बाथरूमच्या फरशीवर दोन बोटं पाणी भरलं आणि त्यात नीळ घातली, दुसऱ्या दिवशी सकाळी खाली छताला निळसर डाग. गळती ट्रॅपच्या कडेने होती, टाइल्सच्या खालून, ते वॉटरप्रूफिंगचं काम. मी म्हटलं माझं काम इथे नाही, सहाशे द्या फक्त. सेक्रेटरी शेजारीच उभे होते. तिथून पुढे त्या सोसायटीतलं सगळं किरकोळ काम माझ्याकडे आहे, आणि नव्याने फ्लॅट घेणारेही ताबा घ्यायच्या आधी टेस्टिंगला बोलवायला लागलेत. हे तर मला सुचलंच नव्हतं. नव्या फ्लॅटमध्ये टाइल्स लागायच्या आधी टेस्ट झाली पाहिजे, पण नऊ वर्षं साइटवर काढल्यावर सांगतो की घाईत ती कित्येकदा होतच नाही, आणि गिऱ्हाइकाला त्याचा पत्ताही नसतो.

कागदपत्रांबद्दल दोन ओळी, कारण बरेच जण विचारतात. उद्यम नोंदणी करा, ती सरकारी साइटवर पूर्ण फुकट आहे, त्याचे पैसे मागणाऱ्याला देऊ नका. फक्त सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांच्या आत जीएसटी नंबर लागत नाही. विश्वकर्मा योजनेत १८ कामं आहेत, राजमिस्त्री, सुतार, लोहार सगळे आहेत, प्लंबर त्यात नाही, मी स्वतः यादी बघून आलो. हत्यारांसाठी पैसे हवे असतील तर बँकेत मुद्राचं शिशु कर्ज विचारा, ५० हजारांपर्यंतचं.

वर्षभरात पंपाला काय झालं : आतला वॉशर एकदा बदलला, नळीच्या टोकाचे आटे घासले म्हणून तिथे पितळी निपल कायमचा टेफलॉन लावून बसवला, निळा रंग खालून उडाला आणि गंज धरतोय, त्यामुळे काम झालं की डबा उलटा करून कोरडा करतो. दुकानात घेताना तिथेच पाणी भरून, डमी लावून, दहा मिनिटं दाब धरून दाखवायला सांगा, नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा. वॉशरचं किट सोबतच मागून घ्या, नंतर त्याच मापाचं मिळत नाही. पॉवरवर चालणारे पंप घरकामाला नकोत, दाब पटकन चढतो आणि जुन्या लाइनीत हात आवरत नाही. हाताच्या दांड्याला लाइन कुठे जड जातेय ते तळव्याला कळतं.